नऊ ठिपके आणि इडलीची ताटली

बाणेरच्या एका हॉटेलातला हॉल, शनिवारची सकाळ, आणि एसी इतका गार की मागच्या रांगेतल्या दोघांनी कानाला रुमाल बांधले होते. पडद्यावर नऊ ठिपके. तीन ओळी, प्रत्येकीत तीन. पेन न उचलता चार सरळ रेघांत सगळे जोडा, असं प्रशिक्षक म्हणाले आणि आमच्या भोसरीच्या कारखान्यातल्या बत्तीस जणांनी माना खाली घातल्या. सव्वीस वर्षांच्या नोकरीत हे कोडं मी सहाव्यांदा बघत होतो. शेजारी टूलरूमचे फोरमन बसले होते. त्यांनी अर्ध्या मिनिटात उत्तर काढून कागद पालथा घातला आणि चहा किती वाजता आहे ते विचारलं. रेघा ठिपक्यांच्या चौकोनाबाहेर न्याव्या लागतात, एवढंच त्यातलं गुपित. "ही चौकट तुम्हाला कुणी आखून दिली होती का? तुमची तुम्हीच मनात आखलीत!" प्रशिक्षक विजयी सुरात म्हणाले. टाळ्या झाल्या, सामोसे आले.

सोमवारी त्याच फोरमनसाहेबांकडे एक पोरगा आला. फिक्श्चरचा, म्हणजे मशीनवर पार्ट घट्ट धरून ठेवणाऱ्या साच्याचा, क्लॅम्प उलट्या बाजूने बसवून बघू का, म्हणाला. "आपल्याकडे तसं करत नाहीत," असं उत्तर मिळालं आणि पोरगा मशीनवर परत गेला. फोरमन वाईट माणूस नाही. ट्रायल घ्यायची तर मशीन दोन तास उभं राहणार, संध्याकाळच्या प्रॉडक्शन शीटवर खड्डा पडणार आणि तो त्यांच्या नावापुढे दिसणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शनिवारी चौकटीबाहेर जायला काही किंमत पडत नव्हती. सोमवारी पडत होती.

'मनाच्या मर्यादा तुमच्या तुम्हीच घातलेल्या आहेत' हे वाक्य आजकाल हिंजवडीपासून चाकणपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. ते ऐकायला बरं वाटतं आणि व्यवस्थापनाला परवडतंही. कारण मर्यादा तुमची, तर ती काढायचं कामही तुमचंच. कंपनीचा खर्च हॉलच्या भाड्यात भागतो. माझं म्हणणं असं आहे की या मर्यादा आपण घालून घेत नाही, आपण त्या शिकतो. रोज थोड्या, बक्षीस आणि बोलणी खात खात. म्हणून त्या निव्वळ मनावर घेऊन जात नाहीत. समोरची मांडणी बदलावी लागते, आणि वेगळं बोलण्याची किंमत कमी करावी लागते.

त्या ठिपक्यांच्या कोड्याचीच गंमत बघा. रॉबर्ट वाइसबर्ग आणि जोसेफ अल्बा या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना स्पष्टच सांगून टाकलं होतं की रेघा चौकोनाबाहेर न्याव्या लागतील. म्हणजे आमच्या प्रशिक्षकांचा संदेश आधीच हातात. तरीही थोड्याच जणांना कोडं सुटलं. आधी तशाच पण सोप्या कोड्यांवर हात बसवून घेतला तेव्हा मात्र फायदा दिसला. बाहेर जा म्हटल्याने माणूस बाहेर जातो, पण तिथे करायचं काय हे त्याला कळत नाही.

'चौकटीबाहेर' हा शब्द आपण इंग्रजीतल्या 'आउट ऑफ द बॉक्स'मधल्या खोक्याला मराठी कपडे घालून आणला. आपल्याकडे त्याहून नेमका शब्द आधीपासून आहे, चाकोरी. पावसाळा सरला, चिखल वाळला, की गाडीवाटेवर चाकांच्या दोन खोल रेघा उरतात, ती चाकोरी. ती एकट्या कुणी खणलेली नसते. आधी गेलेल्या गाड्यांनी पाडलेली असते. तिच्यातून बैल आपोआप चालतो, गाडीवानाला डुलकी काढता येते. बाहेर यायचं तर चाक उचलावं लागतं, आणि गाडीत माल असतो. गाडीवानाला 'मोठा विचार कर' म्हणून चाक वर येत नाही.

ही चाकोरी डोक्यात कशी पडते, हे मानसशास्त्रज्ञ अब्राहम लुचिन्स यांनी १९४२ साली पाण्याच्या भांड्यांनी दाखवलं. तुम्हीही करून बघा. २१, १२७ आणि ३ मापांची तीन भांडी आहेत, १०० मापं पाणी हवं. मोठं भरा, त्यातून मधलं एकदा काढा, लहान दोनदा काढा, आलं शंभर. अशीच चार-पाच गणितं, सगळी याच युक्तीने सुटणारी. मग येतं २३, ४९ आणि ३, हवंय २०. सराव झालेला माणूस ४९ मधून २३ काढतो, मग दोनदा ३ काढतो, वीस येतात आणि तो खूश होतो. तेवीसमधून तीन गेले की वीस राहतात, हे त्याला दिसतच नाही. ज्याने आधीची गणितं सोडवलेली नाहीत, तो लगेच सांगतो. पुढचं गणित तर जुन्या युक्तीने सुटतच नाही: २८, ७६ आणि ३, हवंय २५. अठ्ठावीस वजा तीन. सराव झालेल्यांपैकी पुष्कळ जण इथे चक्क अडले. या माणसांना कुणी दरडावलं नव्हतं. त्यांना फक्त पाच वेळा यश मिळालं होतं.

या पुण्यात दहावी-बारावी झालेल्या कुणालाही हे नवं वाटू नये. अपेक्षित प्रश्नसंच, मागच्या वर्षांचे पेपर, 'पुस्तकातल्याच स्टेप्स लिही, नाहीतर मार्क कापतील'. बारा वर्षं चाकोरी खोल करायची आणि मग तेविसाव्या वर्षी नोकरीच्या मुलाखतीत विचारायचं, तुम्ही क्रिएटिव्ह आहात का?

माझ्याच टेबलावरची एक गोष्ट सांगतो. आमच्या एका ब्रॅकेटच्या मागे खाच आहे. ड्रॉइंगवर तिला अधिक-उणे ०.०५ मिलिमीटर टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, दिलेला होता. एवढी बारकाई आमच्या मिलिंगवर रोजच्या रोज जमत नव्हती, म्हणून ग्राइंडिंगचं, म्हणजे घासून माप आणण्याचं, एक वेगळं ऑपरेशन लावलेलं. तरी शंभरात सात-आठ नग रिजेक्ट व्हायचे. रिजेक्शन कमी करायला आम्ही काय नाही केलं! व्हील बदललं, कूलंट बदललं, ऑपरेटर बदलले, माशाच्या काट्यासारख्या त्या कारणांच्या आकृत्या काढून भिंतीवर लावल्या. एकदा नवीन ट्रेनी मुलगी आली. तिने पार्ट हातात घेतला, खाचेतून बोट फिरवलं आणि विचारलं, "सर, इथे काय बसतं?"

कुणालाच माहीत नव्हतं. जुन्या फायली काढल्या. पूर्वी त्या खाचेत एक पट्टी बसायची. ग्राहकाचं मॉडेल बदललं तेव्हा पट्टी गेली, पण ड्रॉइंगवरचा आकडा तसाच पुढे उतरत आला, एका रिव्हिजनवरून दुसऱ्या रिव्हिजनवर. ग्राहकाला मेल टाकला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, अधिक-उणे ०.२ चालेल. ग्राइंडिंगच गेलं. अकरा वर्षं आम्ही हवेत बसणाऱ्या पट्टीसाठी लोखंड घासत होतो, आणि त्यातल्या नऊ वर्षांच्या रिव्हिजनवर 'चेक्ड बाय' म्हणून सही माझी होती.

ही मर्यादा मात्र खरंच आमची आम्ही घातलेली, हे मान्य करायला हवं. ग्राहकाने अडवलं नव्हतं, साहेबाने अडवलं नव्हतं. विचारायला एक मेल लागत होता. पण ती मुलगी आमच्याहून हुशार होती म्हणून तिला दिसलं, असं मी म्हणणार नाही. ती नवीन होती. आमच्यात दोन वर्षं मुरली असती तर तिनेही बोट फिरवणं सोडलं असतं. तेव्हापासून मी एक करतो. वर्षातून एकदा आमची ड्रॉइंगं दुसऱ्या खात्यातल्या माणसापुढे ठेवतो आणि त्याला फक्त 'हे का?' एवढंच विचारायला सांगतो. पहिल्या तासात त्याला लाज वाटते, दुसऱ्या तासात आम्हाला.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त छळते. आमच्याकडे ब्रॅकेटबरोबर एक हार्डवेअरची पिशवी जायची: दोन बोल्ट, दोन नट, दोन वॉशर, एक क्लिप. सात नग. पॅकिंगला काँट्रॅक्टवरच्या चार बायका. हजारात पाच-सहा पिशव्यांत एखादा वॉशर कमी निघायचा आणि ग्राहकाकडून कंप्लेंट यायची. आम्ही चेकशीट आणली. मग चेकशीटवर सही आणली. मग मोजलेलं पुन्हा मोजायला एक बाई बसवली. मग वर कॅमेरा लावला. कॅमेऱ्यात बायका मोजताना दिसायच्या आणि वॉशर कमीच यायचा.

आषाढीच्या आधी माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला निघते त्या दिवशी दिघीकडचा रस्ता बंद असतो. चौघींपैकी तिघी त्याच बाजूच्या. चौथ्या मावशी भोसरीतल्या, त्या एकट्याच आल्या. दुपारी मी लाइनवर गेलो तर चौघींचं नाही तरी अडीच जणींचं काम त्यांनी उपसलेलं. समोर इडलीच्या स्टँडमधल्या दोन ताटल्या. आठ खळगे, त्यातल्या एकावर चिकटपट्टी लावलेली. उरलेल्या सात खळग्यांत एकेक नग टाकायचा, एक नजर फिरवायची, ताटल्या पिशवीत उपड्या करायच्या. मोजायचं काही नाही. खळगा रिकामा राहिला तर दिसतोच.

"हे कधी सुचलं?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाली असतील."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी हातातल्या ताटल्या पिशवीत उपड्या केल्या, पिशवी सील केली आणि मग म्हणाल्या, "मोजायला आम्ही चौघी आहोत ना साहेब. मोजायचंच नाही म्हटल्यावर?"

जपानमध्ये शिगेओ शिंगो या इंजिनिअरने १९६१ साली जवळजवळ हेच केलं होतं. एका कारखान्यात बटणाचा स्विच जुळवताना कामगार स्प्रिंग घालायला विसरायचे. साहेब लोक 'लक्ष द्या, लक्ष द्या' म्हणून थकले होते. शिंगोंनी एक बशी आणली. आधी पेटीतून दोन स्प्रिंगा काढून बशीत ठेवायच्या, मगच जुळवणी करायची. शेवटी बशीत स्प्रिंग उरली तर चूक कळली. या विचाराला पुढे 'पोका-योके', म्हणजे चूक होऊच न देणं, असं नाव मिळालं, आणि आमच्या कारखान्याच्या भिंतीवर त्याचं चार फुटी पोस्टर होतं. मावशी रोज त्याच्या खालून पॅकिंगला जायच्या. पोस्टर इंग्रजीत होतं, तो मुद्दा वेगळाच.

तेव्हा मावशींच्या बाबतीत 'स्वतःच घालून घेतलेली मर्यादा' कुठे होती? कल्पना होती. ती चालते याची खात्री होती. नव्हती ती फक्त हमी, की ही कल्पना सांगितल्यावर उद्या आपल्याला गेटवर अडवणार नाहीत. अशा माणसाला मनमोकळा विचार करायला शिकवणं म्हणजे पोहता येणाऱ्याला काठावर बसवून पोहण्यावर भाषण देणं. मी आजवर तीन कारखान्यांत काम केलं. तिन्ही ठिकाणी सूचनापेटीतल्या फॉर्मवर पहिला रकाना 'एम्प्लॉयी कोड' होता. काँट्रॅक्टवरच्या माणसांना कोडच नसतो. लाइनवर निम्म्याहून जास्त माणसं तीच, आणि पेटीत चिठ्ठी टाकायला तीच अपात्र. एवढं करून एचआरवाले म्हणतात, सजेशन येत नाहीत.

बक्षीस वाढवून काम होईल, असं पुष्कळांना वाटतं. त्यावरचा एक प्रयोग मी दर मीटिंगला सांगतो आणि दर वेळी लोक घड्याळ बघतात. मानसशास्त्रज्ञ कार्ल डुंकर यांचं मेणबत्तीचं कोडं आहे: मेणबत्ती, काडेपेटी आणि टाचण्यांनी भरलेलं खोकं. मेणबत्ती भिंतीवर अशी लावा की मेण टेबलावर सांडू नये. उत्तर असं की खोकं रिकामं करायचं, भिंतीला टाचायचं आणि त्याची फळी करायची. टाचण्या खोक्यात असतात तेव्हा खोकं हे खोकंच दिसतं आणि माणसं अडतात. तेच खोकं रिकामं करून शेजारी ठेवलं की कितीतरी जास्त जणांना सुचतं. सॅम ग्लक्सबर्ग यांनी १९६२ साली यात पैसे आणले, लवकर सोडवेल त्याला बक्षीस. भरलेलं खोकं समोर असलेल्यांना बक्षिसाच्या आशेने उलट जास्त वेळ लागला. आशेने आणि धास्तीने नजर आणखी बारीक झाली, आणि बारीक नजरेला फक्त चाकोरी दिसते. खोकं रिकामं करून ठेवायला काहीच खर्च नव्हता.

रिकाम्या खोक्याचा विषय निघाला की मला अरविंद गुप्ता आठवतात. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्यात टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) ट्रक बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी. १९७८ साली वर्षभराची रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले, आणि तिथे सायकलच्या वॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीतल्या काड्या जोडून त्रिकोण, घनाकृती आणि नाना रचना करायला लागले. पुढे पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी मुलांच्या हातात दिली. वॉल्व्ह ट्यूब तेव्हाच्या पुण्यात काय दुर्मीळ होती? हे तर सायकलींचं शहर होतं. घरटी दोन सायकली आणि दाराशी पंप. ती काळी रबरी नळी आपण सगळ्यांनी दातांनी ओढून बसवली आहे. पण आपल्यासाठी ती पंक्चरवाल्याच्या दुकानातली वस्तू होती. गुप्तांना ती सांधा म्हणून दिसली, कारण समोर प्रयोगशाळा नव्हती, पैसे नव्हते आणि मुलं मात्र होती. शिवाय त्या वर्षात त्यांच्यामागे कुणाची प्रॉडक्शन शीट नव्हती. हा भाग प्रेरणादायी भाषणांत गाळला जातो.

भीती आपसांत विभागून घेतली की ती हलकी होते, याचं उदाहरण हडपसरला आहे. शहर अंगावर आलं की शेतकऱ्यापुढे दोनच रस्ते, कसत राहायचं नाहीतर बिल्डरला विकून टाकायचं, असं सगळेच धरून चालले होते. मगर कुटुंबांनी आणि त्यांच्या भाऊबंदांनी सुमारे चारशे एकर एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि ज्याची जितकी जमीन तितके त्याचे शेअर, असं ठरवून मगरपट्टा सिटी उभी केली. तिथल्या संध्याकाळच्या ट्रॅफिकबद्दल माझी मतं वेगळी आहेत, ती असू देत. मुद्दा असा की हा तिसरा रस्ता एकट्या शेतकऱ्याला सुचला असता तरी परवडला नसता. शंभराहून जास्त घरं एकत्र बसली तेव्हा तो विचार करण्याजोगा झाला.

यावर आमच्या क्वालिटीच्या मॅनेजरांचा आक्षेप रास्त आहे. ते म्हणतात, "ब्रेकच्या बोल्टला किती टॉर्क द्यायचा, म्हणजे तो किती जोराने आवळायचा, यात मला कुणाची प्रतिभा नको." मलाही नको. चाकोरीमुळेच बैल वाचतो. ऑपरेटर दर बोल्टला नवा विचार करायला लागला तर चाकणहून निघालेली गाडी मी माझ्या मुलीला चालवायला देणार नाही. पण टॉर्क पाळणं वेगळं आणि टॉर्कचा आकडा कुठून आला हे विचारणं वेगळं. आपल्याकडे असं विचारण्यालाही बेशिस्त समजतात. अट इतकीच हवी की प्रश्न पडला म्हणून लाइन चालू असताना परस्पर बदल करायचा नाही, आणि लाइन थांबल्यावर तो प्रश्न दाबायचाही नाही.

आणि मीटिंग. साहेब आधी बोलले की मीटिंग संपली, फक्त आपण अजून तासभर बसून राहतो. येल विद्यापीठात १९५८ साली एक साधी तुलना झाली. चौघांचा गट एकत्र बसून कल्पना काढतो, आणि चौघे स्वतंत्र बसून काढतात, मग त्यांच्या कल्पना एकत्र करतात. स्वतंत्र बसलेल्यांच्या कल्पना जास्त निघाल्या आणि चांगल्याही. आम्ही आता पहिली दहा मिनिटं कागदावर लिहितो, नावाशिवाय. अक्षरावरून कळतंच म्हणा. तरी फरक पडतो.

मावशींच्या ताटल्यांचं पुढे असं झालं. मी प्लांटहेडकडे गेलो. पॅकिंगच्या चौघींना कमी करायचं नाही, दोघींना असेंब्लीवर शिकवून घ्यायचं, हे आधी लेखी द्या, मग दाखवतो काय ते, असं म्हणालो. सव्वीस वर्षांत साहेबाशी अशा भाषेत मी पहिल्यांदाच बोललो आणि आपण असं बोलू शकत नाही, अशी माझी खात्री होती. ते म्हणाले, "एवढंच ना? टाका मेल." दोन ओळींचा मेल आला. मावशींना तो मी मराठीत वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला.

मग ताटल्यांवरून प्लॅस्टिकचा ट्रे केला, सात खळग्यांचा, वॉशरचा खळगा उथळ. कंप्लेंट बंद झाल्या. वर्षाच्या शेवटी तो ट्रे आमच्या कंपनीतर्फे एका कायझेन, म्हणजे कामातल्या छोट्या सुधारणांच्या, स्पर्धेत गेला आणि त्याचं ड्रॉइंग चांगल्या कागदावर छापून रिसेप्शनला लावलं. उजव्या कोपऱ्यात नेहमीची चौकट आहे: ड्रॉन बाय, चेक्ड बाय, अप्रूव्ह्ड बाय. तिन्हींपुढे सह्या आहेत, मधली माझी. सुचलं कुणाला, त्यासाठी त्या चौकटीत रकाना नाही. टेम्पलेटमध्ये एक ओळ वाढवता येते का, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.